दुखऱ्या जागेवरून धावणारा संघ

३० नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी अमेरिकेतल्या कोलंबसजवळच्या आमच्या घरात, ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मिशिगन विद्यापीठाविरुद्ध फळीच्या ऐन मधोमध धावायला गेला आणि पुन्हा जागच्या जागी आडवा झाला, तेव्हा सोफ्याच्या कडेला बसलेल्या अण्णांनी मला विचारले, “तिथं भिंत हाय हे त्यास्नी दिसत न्हाई व्हय रं?” मी त्यांना काही उत्तर दिले नाही. खरे तर त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतेच. त्या प्रश्नाने मात्र माझा पुढे बराच काळ पिच्छा पुरवला, आणि त्या मोसमातल्या संघाचे बळ कशात होते, उणीव कशात होती, हे एकदा शांतपणे लिहून काढावे असे वाटले ते त्यामुळेच.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या तालमीत त्यांची उमर गेली. त्यांना अमेरिकन फुटबॉलचे नियम ठाऊक नव्हते आणि ते शिकून घेण्याची त्यांना गरजही वाटली नाही. ते सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी आमच्याकडे आले होते आणि शनिवारी दुपारी सगळे घर टीव्हीसमोर बसते म्हणून तेही बसत. चेंडू कुठे गेला याकडे त्यांचे लक्षच नसे. चेंडू सुटल्याबरोबर समोरासमोर भिडणाऱ्या दीड-दीडशे किलोंच्या गड्यांकडे ते पाहत असत, आणि कोण कमरेतून वाकला, कोण ताठ राहिला, कोणाचा पाय मागे सरकला, हे माझ्या आधी सांगत. मी अठरा वर्षे हा खेळ पाहत आलो होतो, पण तोपर्यंत मी बहुतेक चेंडूच पाहत होतो, हे मला त्यांच्या शेजारी बसल्यावर कळले.

माझी या संघाशी गाठ पडली ती २००६ साली, शिकायला आलो तेव्हा. ओलेंटँजी नदीच्या काठावर घोड्याच्या नालेच्या आकाराचे, १९२२ साली उघडलेले, एक लाखाहून अधिक माणसे बसवून घेणारे ते स्टेडियम पाहून पहिल्या आठवड्यात मला वाटले होते की, विद्यापीठातल्या मुलांच्या खेळासाठी एवढे मोठे बांधकाम करणारी माणसे एक तर वेडी असतील किंवा फार श्रद्धाळू. दोन्ही खरे निघाले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला देशातल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ म्हणून ओहायो स्टेट आणि मिशिगन समोरासमोर आले. आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेमबेक्लर वारले होते. आम्ही ४२-३९ असे जिंकलो आणि रात्रभर हाय स्ट्रीटवर फिरलो. त्या रात्रीनंतर मी या संघाबद्दल बोलताना ‘ते’ ऐवजी ‘आम्ही’ म्हणू लागलो, आणि ते सर्वनाम मला अजूनही बदलता आलेले नाही.

मिशिगनशी असलेल्या वैराबद्दल इथे चार ओळी लिहायलाच हव्यात, कारण त्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. त्या सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचे ‘एम’ हे अक्षर लाल पट्टीची फुली मारून झाकले जाते. माझ्या मुलीचे नाव ‘म’ने सुरू होते, आणि त्या आठवड्यात तिच्या मैत्रिणी तिच्या वहीवरच्या पहिल्या अक्षरावरही फुली मारून ठेवतात. मिशिगनला हरवणाऱ्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या विजारीच्या आकाराचे एक छोटे पदक मिळते; ही प्रथा १९३४ पासूनची. इथे मोसम कसा गेला हे विचारताना माणसे एकूण किती सामने जिंकले हे नंतर विचारतात.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढेच पुरे की, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. पुढे सरकण्याचे मार्ग दोन: चेंडू पोटाशी धरून धावायचे, किंवा क्वार्टरबॅकने तो हवेतून पुढे धावलेल्या रिसीव्हरकडे फेकायचा. यांतले काहीही करायचे झाले तरी पुढच्या फळीतल्या पाच धिप्पाड खेळाडूंनी समोरच्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरावे लागते. त्या पाचांना चेंडू घेऊन धावायला मिळत नाही, त्यांची नावे बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नसतात, आणि त्यांच्यातला एक जरी कोसळला तरी मागची सगळी कलाकुसर मातीत जाते.

२०२४ चा संघ कागदावर अफाट होता. एका वर्षात तो घडवायला सुमारे २ कोटी डॉलर लागले, हा आकडा खुद्द विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांनी सांगितला होता. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली आणि एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणेही सोपे झाले. त्यामुळे कॅन्सस स्टेटमधून क्वार्टरबॅक विल हॉवर्ड, ओल मिसमधून धावपटू क्विनशॉन जडकिन्स, अलाबामामधून सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू, केलेब डाउन्स आणि सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिन असे तयार गडी आमच्याकडे आले. आखाड्याच्या भाषेत सांगायचे तर खुराक दुसऱ्याच्या तालमीचा आणि लंगोट आमचा. याचा मला थोडा संकोच वाटतो, पण डाउन्स खेळताना पाहिला की तो संकोच पळून जाई, हेही कबूल केले पाहिजे.

खरे बळ मात्र विकत आणलेले नव्हते. जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआऊ, ट्रेव्हियन हेंडरसन, एमेका एग्बुका, डेन्झेल बर्क, डोनोव्हन जॅक्सन असे अनेक जण आदल्या वर्षीच व्यावसायिक संघांकडे जाऊ शकले असते. ते मागे राहिले. मागे राहण्याचे कारण त्यांनी लपवले नाही: त्यांनी मिशिगनला एकदाही हरवलेले नव्हते. सॉयर तर कोलंबसच्या शेजारच्याच पिकरिंग्टनचा. अपमान पोटात घेऊन चौथे वर्ष खेळणाऱ्या अशा गड्यांची बचाव फळी कशी असेल याचा अंदाज आकड्यांवरून येतो: मोसमभरात तिने सामन्यामागे तेरापेक्षाही कमी गुण दिले आणि देशात याहून कमी गुण कुणीच दिले नाहीत.

या बचाव फळीचे एक वैशिष्ट्य मला विशेष भावले. मैदानाच्या मध्यभागी ती कधीकधी ढिली वाटत असे, दहा-बारा यार्ड सहज देऊन टाकी, पण पाठ स्वतःच्या गोल-रेषेला लागली की तिचा स्वभावच बदलायचा. पेन स्टेटच्या मैदानावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही २०-१३ असे पुढे असताना त्यांना अवघ्या तीन यार्डांवर चार प्रयत्न मिळाले होते. तीनदा ते धावून आले आणि तीनदा भिंतीवर आदळले. चौथ्या प्रयत्नातला पासही पडला. उरलेली पाचेक मिनिटे आमच्या संघाने चेंडू त्यांच्या हाती लागूच दिला नाही, पुन्हा पुन्हा धावत राहून घड्याळ संपवले. अण्णांनी त्या दिवशी मांडीवर थाप मारली होती. मीही त्या सामन्यावर फार खूष होतो. आता वाटते की, महिनाअखेरीच्या आमच्या चुकीचे बी त्याच शेवटच्या पाच मिनिटांत पेरले गेले.

दुसरे बळ आकाशातले. जेरेमाया स्मिथ हा फ्लोरिडाहून आलेला पहिल्या वर्षाचा पोरगा. त्याने त्या एका मोसमात ७६ झेलांत १३१५ यार्ड मिळवले आणि १५ टचडाउन केले, म्हणजे पंधरा वेळा चेंडू समोरच्यांच्या गोल-रेषेपार नेला. हे आकडे मी लिहितो खरे, पण त्याचे महत्त्व आकड्यांत पकडता येत नाही. त्याच्या अंगावर दोन बचावपटू लावावे लागत, म्हणजे दुसरीकडे एक कमी होत असे. तो कमी झालेला माणूस म्हणजे एग्बुका किंवा कार्नेल टेट यांच्यासाठी मोकळे रान. स्मिथकडे चेंडू आला नाही तरी त्याचा उपयोग होत असे, ही गोष्ट लक्षात यायला मला अर्धा मोसम लागला. एग्बुकाचे मोठेपण आणखी वेगळे. तो धावपटूसाठी वाट मोकळी करायला स्वतः अंगावर धडक घेत असे, आणि नावाजलेले रिसीव्हर सहसा हे काम मनापासून करत नाहीत.

उणिवांपैकी काही लवकर दिसल्या आणि दुरुस्तही झाल्या. १२ ऑक्टोबरला ओरेगॉनच्या मैदानावर आम्ही ३२-३१ असे एका गुणाने हरलो तेव्हा आमचे कोपऱ्यांवरचे बचावपटू, विशेषतः बर्क, लांब पासांसमोर उघडे पडले होते, आणि हॉवर्ड अखेरच्या सहा सेकंदांत धावत सुटून खाली घसरला तोवर घड्याळ संपले होते. बचावाचे प्रशिक्षक जिम नोल्स यांनी त्यानंतरच्या विश्रांतीच्या आठवड्यात बरेच काही बदलले असावे, कारण पुढच्या कोणत्याही सामन्यात ती फळी तशी फाटलेली दिसली नाही. हॉवर्डबद्दल माझे मत शेवटपर्यंत डळमळीत होते. तो धिप्पाड, हसरा, संकटात डोके शांत ठेवणारा. पण सामन्यात एखादा तरी पास तो सरळ समोरच्याच्या हातात देई, जणू काही उधारी फेडत असावा. पेन स्टेटविरुद्धही त्याने सुरुवातीलाच असे एक दान दिले होते आणि त्याचा थेट टचडाउन झाला होता. चेंडू लाथाडून दोन खांबांमधून पार करणारा, म्हणजे फील्ड गोल मारणारा, जेडन फील्डिंग हा माझ्या यादीत सर्वांत शेवटी होता. जवळचे बरे, लांबचे रामभरोसे, एवढीच माझी नोंद. अण्णांना मात्र त्याच्याबद्दल कुतूहल होते. एवढ्या राक्षसांत हा एवढासा पोरगा कशाला ठेवला आहे, असे ते विचारत.

खरी दुखरी जागा होती पुढची फळी. ओरेगॉनच्या सामन्यातच डाव्या टोकाचा जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने मोसमातून बाहेर गेला. पुढच्याच सामन्यात नेब्रास्काने आम्हाला २१-१७ पर्यंत झुंजवले, आणि तिथे त्याच्या जागी आलेला खेळाडूही जखमी झाला. मग डोनोव्हन जॅक्सन या आतल्या बाजूच्या खेळाडूला टोकाला नेण्यात आले. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन हातांची सरकासरक वाटते, पण ती तशी नाही. आतल्या जागेवरचा गडी समोरच्याशी छातीला छाती भिडवून लढतो. टोकाच्या गड्याला मागे सरकत, पाय हलते ठेवत, वाऱ्यासारख्या बाजूने येणाऱ्याला थोपवावे लागते. निकाली कुस्तीच्या पैलवानाला एका आठवड्यात कबड्डीच्या कोपऱ्यात उभे करण्यासारखेच हे. जॅक्सनची पहिली परीक्षा पेन स्टेटच्या अब्दुल कार्टरसमोर झाली आणि सुरुवातीच्या धक्क्यांनंतर तो उभा राहिला. माझ्या मते संपूर्ण मोसमातली ती सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत मोठी कामगिरी होती. जरा सावरलो असे वाटते तोच, इंडियानाच्या सामन्याच्या आठवड्यात, सरावात मॅक्लॉफ्लिनच्या टाचेवरची शीर तुटली. देशातल्या सर्वोत्तम सेंटरला दिला जाणारा रिमिंग्टन पुरस्कार त्या वर्षी त्यालाच मिळाला, तेव्हा तो कुबड्यांच्या आधाराने वावरत होता. सेंटर हा फळीचा कणा. चेंडू तोच मागे देतो, समोरची मांडणी वाचून डाव्या-उजव्यांना इशारे तोच देतो. कार्सन हिन्झमन त्या जागी गेला, आणि फळीच्या मधोमध तीन शेजारी असे उभे राहिले की ज्यांना एकमेकांच्या खांद्यांची सवय नव्हती.

इंडियानाला ३८-१५ असे सहज हरवल्यामुळे हे कुणाच्या डोळ्यांत भरले नाही. डाउन्सने एक पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने लांब टोलवलेला चेंडू, झेलून ७९ यार्ड धावत परत आणला आणि सगळे त्याचेच बोलत राहिले. मीही बोललो.

आता त्या भिंतीकडे येतो. मिशिगन त्या वर्षी ६ विजय आणि ५ पराभव घेऊन आले होते; पैजा लावणाऱ्यांच्या हिशेबाने आम्ही सुमारे २० गुणांनी जिंकायला हवे होते. त्यांचा सर्वोत्तम कोपरा-बचावपटू विल जॉन्सन दुखापतीमुळे बाहेर. त्यांच्याकडे खरोखर दर्जेदार अशी एकच गोष्ट होती: बचावाच्या मध्यभागी मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड. म्हणजे आमचे सर्वांत मोठे बळ, स्मिथ आणि त्याचे सवंगडी, त्यांच्या सर्वांत कमकुवत जागेसमोर होते. आणि आमची नवी, कच्ची, जोडलेली मधली फळी त्यांच्या सर्वांत भक्कम जागेसमोर. शाळेतल्या पोरानेही चेंडू हवेतून फेकला असता. आमचा संघ मात्र पुन्हा पुन्हा मधूनच धावत गेला, आणि सबंध सामन्यात धावून त्याला जेमतेम ७७ यार्ड मिळाले.

त्यांचा क्वार्टरबॅक अवघे ६२ यार्ड पास करू शकला आणि त्याचे दोन पास आमच्याच खेळाडूंनी पकडले. बचावाने आपले काम चोख केले होते. मध्यंतराला १०-१० अशी बरोबरी होती आणि त्यानंतरच्या दोन्ही सत्रांत आम्ही एकही गुण मिळवला नाही. हॉवर्डने आपली नेहमीची उधारी दोनदा फेडली. फील्डिंगने ३८ आणि ३४ यार्डांचे दोन फील्ड गोल चुकवले. ४५ सेकंद उरले असताना मिशिगनने २१ यार्डांवरून आपला फील्ड गोल मारला आणि १३-१० असा सामना संपला. त्यांच्या खेळाडूंनी आमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. अण्णा म्हणाले, “आता बंद कर ते.” मी टीव्ही बंद केला.

असे का खेळले? प्रशिक्षकांना खेळ कळत नव्हता म्हणून, असे म्हणणे सोपे आहे आणि त्या आठवड्यात कोलंबसमधला प्रत्येक न्हावी तेच म्हणत होता. पण मुख्य प्रशिक्षक रायन डे हे पास फेकण्याच्या खेळाचे पंडित, आणि त्यांच्या हाताखाली चाली आखायला आलेले चिप केली तर न्यू हॅम्पशायरमधले त्यांचे जुने गुरू. या दोघांना जे सांगलीच्या एका निवृत्त पैलवानाला दिसले ते दिसले नसेल, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. मला कारण मागच्या तीन वर्षांत दिसते. २०१२ ते २०१९ असे ओळीने आठ सामने आम्ही मिशिगनला हरवले होते. २०२१ साली त्यांनी आमच्या फळीला तुडवत २९७ यार्ड धाव घेतली आणि ४२-२७ असे जिंकले. २०२२ साली आमच्याच घरी ४५-२३, २०२३ साली ३०-२४. त्या पहिल्या पराभवापासून ओहायो स्टेटवर एक शिक्का बसला: देखणा संघ, पण मऊ. अंगाला माती लावून न घेणारा. लू होल्ट्झ या जुन्या, नावाजलेल्या प्रशिक्षकांनी २०२३ साली दूरचित्रवाणीवर असेच काही म्हटले, आणि दुसऱ्याच दिवशी नॉत्र दामवर एक सेकंद राखून, एका यार्डावरून, मधोमध धावूनच विजय मिळवल्यावर डे यांनी मैदानावर उभे राहून, लाल चेहऱ्याने, त्या ऐंशी वर्षे ओलांडलेल्या गृहस्थांना उत्तर दिले. ते दृश्य पाहताना मी टाळ्या वाजवल्या होत्या. आज ते आठवले की मला वाटते, इतके लागले होते तर!

माझे संपूर्ण मूल्यमापन या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. या संघाची उणीव पुढच्या फळीत होती, पण जीवघेणी उणीव ती नव्हती. दुखापती सगळ्यांना होतात. व्यावसायिक संघांच्या पुढच्या एप्रिलच्या निवडीत सिमन्स आणि जॅक्सन हे दोघेही पहिल्याच फेरीत उचलले गेले, तेव्हा गुणवत्ता नव्हती असेही कुणाला म्हणता येणार नाही. जीवघेणी होती ती ‘मऊ’ या शब्दाची लाज. तो शब्द खोडून काढण्यासाठी संघ नेमका त्या जागी लढायला गेला जिथे तो खरा ठरण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. पेन स्टेटच्या मैदानावरची शेवटची पाच मिनिटे डोक्यात होती. पण त्या दिवशी सेंटरच्या जागी मॅक्लॉफ्लिन होता आणि समोर ग्रॅहम-ग्रँट नव्हते, ही गोष्ट हिशेबातून गळाली. अण्णांच्या तालमीतला एक गडी पट काढण्यात तरबेज होता, पण गावात कुणीतरी त्याला ‘नुसता पायात शिरतोय’ म्हणून हिणवले. पुढच्या जत्रेत तो दीडपट वजनाच्या पैलवानाशी खडाखडी करत छातीला छाती लावून उभा राहिला आणि चौथ्या मिनिटाला आस्मान पाहून आला. ही गोष्ट अण्णांनी त्या रात्री जेवताना सांगितली. मला ती त्या वेळी आवडली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णा गावी परतले. निघताना विमानतळावर त्यांनी विचारले ते इतकेच: “त्या चेंडू लाथाडणाऱ्या पोराला शिव्या घालत असतील न्हवं लोक?” घालत होते. डे यांना काढून टाका, ही ओरड तर इतकी वाढली होती की, त्यांच्या जागी कोण यावे याच्या याद्या ऑफिसच्या कॉफी मशिनपाशी फिरत होत्या. त्या यादीत मी सुचवलेलेही एक नाव होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

पूर्वीच्या नियमाने मोसम तिथेच संपला असता. देशातल्या चारच संघांना अजिंक्यपदासाठी खेळता येत असे. त्याच वर्षी ही संख्या १२ झाली आणि दोन पराभव झालेला आमचा संघ आठव्या मानांकनाने आत आला. २१ डिसेंबरच्या रात्री हाडे गोठवणाऱ्या थंडीत आम्ही टेनेसीविरुद्धचा सामना पाहायला स्टेडियममध्ये गेलो, तेव्हा आमच्या लाल रंगात टेनेसीचा नारिंगी रंग एवढा मिसळलेला होता की यजमान कोण ते कळेना. आमच्याच लोकांनी चिडून तिकिटे विकून टाकली होती. आणि पहिल्याच चढाईत हॉवर्डने चेंडू उंच, लांब, डाव्या-उजव्या पहाडांच्या डोक्यांवरून स्मिथकडे फेकला: ३७ यार्डांचा टचडाउन. पहिले सत्र संपले तेव्हा २१-०, सामना ४२-१७. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आकाशाकडे हात करून जे म्हटले ते छापण्याजोगे नाही, पण त्याचा अर्थ असा होता की, हे तीन आठवड्यांपूर्वी का सुचले नाही.

त्यानंतरचे सामने मी अण्णांची नजर उसनी घेऊन पाहिले. नववर्षदिनी रोझ बोलमध्ये अपराजित ओरेगॉनविरुद्ध दुसऱ्या सत्रात ३४-० अशी आघाडी होती. तिसऱ्याच चालीवर स्मिथने ४५ यार्डांचा टचडाउन केला, आणि आमच्या बचाव फळीने त्यांच्या क्वार्टरबॅकला आठ वेळा चेंडूसकट जमिनीवर आणले. शेवट ४१-२१. पुढची फळी रातोरात पोलादी झाली नव्हती. चेंडू आधी हवेतून जाऊ लागला, म्हणून समोरचे बचावपटू मागे सरकून उभे राहू लागले, आणि ते मागे सरकले म्हणून त्याच पाच जणांना धावण्यासाठी वाट काढणे सोपे झाले. मऊपणाचा डाग अखेर पुसला गेला तो असा, बाजूने.

टेक्ससने मात्र हुशारी केली. त्यांनी स्मिथला दोन-दोन माणसांत बांधून टाकले. सबंध सामन्यात त्याला एकच झेल मिळाला, तीन यार्डांचा. पण तिकडे दोघे गुंतले म्हणून मध्यंतराच्या तोंडावर हेंडरसन एक छोटा पास घेऊन ७५ यार्ड निघून गेला. आणि शेवटी, २१-१४ असे पुढे असताना, आमच्या गोल-रेषेपासून एका यार्डावर टेक्सस उभे होते, तेव्हा या बचाव फळीचा तो जुना स्वभाव जागा झाला. त्यांना सात यार्ड मागे ढकलण्यात आले, आणि चौथ्या प्रयत्नात जॅक सॉयरने क्विन यूअर्सला, कधीकाळी इथेच त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलेल्या क्वार्टरबॅकला, गाठून त्याच्या हातातला चेंडू उडवला, तोच उचलला आणि ८३ यार्ड धावत नेला. बचाव फळीच्या टोकावरच्या एवढ्या वजनदार गड्याला इतके धावताना पाहून मुलगी हसत होती आणि मी रडत होतो.

२० जानेवारी २०२५ ला अटलांटामध्ये अंतिम सामना होता, समोर पुन्हा नॉत्र दाम. त्यांनी पहिलीच चढाई १८ चालींची, जवळजवळ दहा मिनिटांची केली, सगळी अंगावर येणारी, जणू जुना शिक्का पुन्हा मारून पाहावा अशी. वर्षभरापूर्वीचा आमचा संघ त्याला त्याच भाषेत उत्तर द्यायला गेला असता. या वेळी हॉवर्डने शांतपणे ओळीने पहिले १३ पास बरोबर पोचवले. ३१-७ अशी आघाडी झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे सुस्तावलो आणि ती ३१-२३ वर आली. मग अडीचेक मिनिटे उरलेली, तिसरा प्रयत्न, अकरा यार्डांची गरज. धावून घड्याळ खाणे हा सभ्य, सुरक्षित, ‘दणकट’ संघाचा मार्ग होता. चेंडू स्मिथकडे गेला. त्याच्यावर एकच माणूस ठेवलेला होता. ५६ यार्ड.

सॉयर, तुइमोलोआऊ आणि त्यांच्या जोडीच्या चौथ्या वर्षाच्या गड्यांना अजिंक्यपदाची अंगठी मिळाली, पण सोन्याची विजार कधीच मिळाली नाही. इथली माणसे अजूनही यावर वाद घालतात की, दोन्हींपैकी एकच निवडायचे असते तर त्यांनी काय निवडले असते. मला वाटते, ऑगस्टमध्ये विचारले असते तर त्यांनी विजार निवडली असती.

त्या रात्री सामना संपल्यावर मी गावी फोन लावला. तिकडे सकाळ झालेली होती, अण्णा अंघोळ उरकून ओसरीवर बसले होते. जिंकलो असे सांगितल्यावर ते “बरं झालं” म्हणाले आणि थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, “आणि तो चेंडू लाथाडणारा पोरगा?”

मी म्हणालो, “अण्णा, शेवटचे गुण त्यानेच मारले. २६ सेकंद उरले होते.”

“किती लांबनं?”

“३३ यार्डांवरून. मिशिगनविरुद्ध चुकला होता तो ३४ यार्डांचा होता.”